गोळीने आठ दिवस बरं, मग पुन्हा खाज: यीस्टचं इन्फेक्शन परत का येतं आणि कुठे तपासायचं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. दह्याच्या कवडीसारखं पांढरं जातं, त्याला वास नसतो. खाज इतकी की रात्री झोप लागत नाही, आणि लघवी करताना बाहेरच्या बाजूला आग होते. मेडिकलमधून फ्लुकोनाझोल 150 ची एक गोळी आणली की तीन-चार दिवसांत आराम पडतो. पुढच्या पाळीच्या आधी पुन्हा तेच. मग परत तीच गोळी, तिसऱ्या वेळी तीन औषधांचं 'किट', चौथ्या वेळी शेजारणीने सांगितलेली क्रीम. विड्या वळायला दिवसभर एका जागी बसणारी बाई असो, टॉवेलच्या कारखान्यात उभ्याने काम करणारी असो, की बँकेत बसणारी, हे चक्र सगळीकडे सारखंच.

वर्षात असा त्रास तीन किंवा जास्त वेळा झाला, तर त्याला योनीतलं वारंवार होणारं यीस्ट (म्हणजे एक प्रकारची बुरशी) इन्फेक्शन म्हणतात आणि त्याचा उपचार वेगळा असतो. जगात दरवर्षी सुमारे 13 कोटी 80 लाख बायकांना ते होतं, असा 2018 चा अंदाज आहे. तेव्हा यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि ते अस्वच्छतेचं लक्षणही नाही.

'औषधाला दाद देत नाही' हे वाक्य हल्ली फार लवकर उच्चारलं जातं. दाद न देणारी बुरशी खरोखर आहे, वाढतेही आहे, आणि तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण त्या निष्कर्षाला पोचण्याआधी दोन गोष्टी तपासायलाच हव्यात: ही बुरशीच आहे का, आणि असेल तर कोणती.

मुळात ही बुरशी आहे का?

नुसतं लक्षणांवरून किंवा फोनवर सांगून केलेलं निदान बऱ्याचदा चुकतं. दवाखान्यात पाच मिनिटांत होणाऱ्या दोन तपासण्या इथे निम्मं काम करतात.

पहिली पीएच पट्टी, म्हणजे आम्लता मोजणारा कागद. योनीच्या बाजूच्या भिंतीवरचा स्राव पट्टीला लावायचा. गर्भाशयाच्या तोंडावरचा घेऊ नये, कारण तो मुळातच अल्कलीकडे झुकलेला असतो. पाळी चालू असताना किंवा आदल्या रात्री संबंध आला असेल तर ही तपासणी टाळावी, कारण रक्त आणि वीर्य दोन्ही पीएच वाढवतात. पट्टी 4 ते 4.5 दाखवत असेल तर कॅन्डिडा, म्हणजे यीस्ट इन्फेक्शन करणारी बुरशी, शक्य आहे. 4.5 च्या वर असेल आणि माशासारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन) किंवा ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा परजीवी) आधी बघावा. त्यावर फ्लुकोनाझोल काडीचंही काम करत नाही.

दुसरी स्लाइड. एका थेंबात सलाइन, दुसऱ्यात 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. सलाइनची स्लाइड लगेच बघावी लागते, कारण ट्रायकोमोनासची हालचाल थोड्याच वेळात थांबते आणि मग तो ओळखू येत नाही. हायड्रॉक्साइडच्या थेंबात बाकीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी उठून दिसते. लांब धाग्यांसारखे स्यूडोहायफी दिसले तर अल्बिकन्स या कॅन्डिडाच्या नेहमीच्या जातीची शक्यता जास्त. धागे अजिबात नाहीत, फक्त कोंब फुटलेल्या बारीक गोल पेशी आहेत, तर ग्लाब्राटा या दुसऱ्या जातीची शंका घ्यावी, कारण ती धागे करत नाही. स्लाइड कोरी आली म्हणजे बुरशी नाही असं मात्र धरू नका. त्यासाठीच कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं, लागतं.

दोन्ही तपासण्या कोऱ्या येऊनही खाज जात नसेल तर त्वचेकडे नीट बघायला हवं. बाहेरची कातडी कागदासारखी पांढरी आणि पातळ झाली असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असू शकतो. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. कपडे धुण्याची पावडर, सुगंधी पॅड, अंघोळीच्या पाण्यात टाकलेलं अँटिसेप्टिक यांनीही अशीच आग होते. आणि नायट्याची क्रीम इथे लावू नका. बऱ्याच क्रीममध्ये क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज दबते, बुरशी मात्र खाली निवांत वाढत राहते. त्यातलं टर्बिनाफिन नायट्याच्या बुरशीवर चालतं, कॅन्डिडा अल्बिकन्सवर त्याचा जोर कमी पडतो.

स्वॅब गोळीच्या आधी

चूक सगळ्यात जास्त इथे होते. गोळी घेऊन झाली, दोन दिवस थांबलं, फरक नाही म्हणून मग स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला स्रावाचा नमुना. फ्लुकोनाझोलची शरीरातली पातळी निम्मी व्हायलाच सुमारे 30 तास लागतात. योनीतल्या स्रावात एक गोळी तीन दिवस आणि पुढेही टिकते. अशा वेळी घेतलेल्या नमुन्यात बुरशी उगवली नाही, तर त्यातून काहीच कळत नाही. म्हणून शेवटची गोळी, पेसरी (योनीत ठेवायची गोळी) किंवा क्रीम होऊन किमान एक आठवडा गेलेला असावा आणि त्रास चालू असावा. आदल्या दिवसापासून आतून धुणं बंद.

डॉक्टरांना दोन स्वॅब घ्यायला सांगा, एक स्लाइडसाठी, एक कल्चरसाठी. कोरडा स्वॅब तसाच नळीत टाकण्यापेक्षा ट्रान्सपोर्ट मीडियम (नमुना टिकवणारं माध्यम) असलेला बरा, आणि नमुना त्याच दिवशी लॅबला पोचवावा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी स्कूटरच्या डिकीत तासभर ठेवलेला नमुना पाठवू नका. सोलापुरात त्या दिवसांत पारा 43 अंशांच्या आसपास जातो, आणि बंद डिकीत त्याहून जास्त तापतं.

लॅबला आधी फोन करून एवढंच विचारा: फंगल कल्चर, जातीची ओळख आणि अँटिफंगल सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडतं ही तपासणी) हे तिन्ही तुमच्याकडे होतं का? 'कॅन्डिडा स्पीशीज' एवढंच लिहून देणारा रिपोर्ट या कामासाठी अर्धाच आहे. जातीचं नाव नसेल तर पुढचा उपचार अंदाजानेच होतो. शहरात सोय न झाल्यास मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाकडे डॉक्टरांमार्फत चौकशी करावी.

लॅबमध्ये नमुना साबूरो डेक्स्ट्रोज अगार या बुरशी वाढवायच्या माध्यमावर लावतात, 24 ते 48 तासांत वसाहती दिसतात. क्रोम अगार वापरला तर रंगावरून कॅन्डिडाच्या जातीची प्राथमिक ओळख पटते: अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसाय फिकट गुलाबी आणि खरबरीत. पक्की ओळख व्हायटेक किंवा माल्डी-टॉफ यंत्रावर होते. तेव्हा पूर्ण रिपोर्टला चार-पाच दिवस लागले तर तो उशीर नव्हे.

रिपोर्ट कसा वाचायचा

जातीचं नाव आलं की बरंचसं उत्तर मिळतं. क्रुसाय जन्मतःच फ्लुकोनाझोलला दाद देत नाही, तिथे ती गोळी कितीही वेळा दिली तरी पैसे वाया. ग्लाब्राटावर फ्लुकोनाझोलचा जोर मुळातच कमी, आणि वारंवार दिल्यावर आणखी कमी होतो. अल्बिकन्स बहुतेक वेळा दाद देते, पण सतत मारा झालेल्या रुग्णांत तीही बदललेली सापडते.

हल्ली रिपोर्टवर नवी नावं दिसतात, त्यांनी गोंधळू नका. ग्लाब्राटाचं नाव नाकासिओमायसिस ग्लाब्राटस झालं आहे, क्रुसायचं पिकिया कुद्रियावझेवी, आणि ऑरिसचं (आयसीयूतली ही जात, तिच्याबद्दल शेवटी) कॅन्डिडोझायमा ऑरिस.

एमआयसी म्हणजे बुरशीची वाढ रोखायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण. अमेरिकेच्या सीएलएसआय मानकानुसार अल्बिकन्ससाठी फ्लुकोनाझोलची एमआयसी 2 किंवा कमी असेल तर औषध लागू, 4 असेल तर वाढीव डोसनेच लागू, आणि 8 किंवा जास्त असेल तर रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारी. ग्लाब्राटाला 'लागू' असा रकानाच नाही. 32 पर्यंत ती वाढीव डोसवर अवलंबून, 64 पासून रेझिस्टंट. एका जातीची सीमारेषा दुसरीला लावता येत नाही, म्हणून नाव आधी आणि आकडा नंतर.

आणखी एक गोष्ट बऱ्याच रिपोर्टमध्ये सुटते. ही तपासणी लॅबमध्ये पीएच 7 ला होते, योनीत मात्र पीएच 4 च्या आसपास असतो. आम्लात अझोल गटातली (फ्लुकोनाझोल, क्लोट्रिमाझोल वगैरे) औषधं कमी जोराने काम करतात, ग्लाब्राटावर तर विशेषच. म्हणून रिपोर्ट 'वाढीव डोसने लागू' म्हणत असूनही ग्लाब्राटाची रुग्ण बरी होत नसेल, तर तिनं गोळ्या चुकवल्या असतील असं लगेच म्हणू नये. उलट कल्चरवर क्लोट्रिमाझोलची चकती ठेवून केलेल्या तपासणीत 'रेझिस्टंट' असा शेरा आला तर त्यावर फार विसंबू नका. त्यासाठी ठरलेली सीमारेषाच नाही.

त्रास काहीच नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी घेतलेल्या स्वॅबमध्ये कॅन्डिडा निघाली, तर उपचार करायचा नाही. दर दहा बायकांत एक-दोघींच्या योनीत ती शांतपणे राहत असते. रिपोर्टवर औषध द्यायचं नसतं, त्रासावर द्यायचं असतं.

बुरशी दाद देते, तरी परत येते

रिपोर्टवर अल्बिकन्स आली, एमआयसी कमी आहे, तर औषध बदलू नका. मुदत बदला. एक गोळी ही एखाद-दुसऱ्या वेळच्या त्रासासाठी असते. वारंवार होणाऱ्या त्रासात फ्लुकोनाझोल 150 पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी अशा तीन गोळ्या, आणि त्यानंतर आठवड्याला एक अशी सहा महिने. हा कोर्स डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचा. आठवड्याचा वार ठरवून टाका. सोमवार सोपा, सिद्धेश्वराचा वार म्हणून लक्षात राहतो. गोळी उपाशीपोटी घेतली तरी चालते, त्यामुळे उपवासाची अडचण नाही.

2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत सहा महिने साप्ताहिक गोळी घेणाऱ्या सुमारे 91 टक्के बायका त्रासमुक्त राहिल्या, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत 36 टक्के. गोळी थांबवून आणखी सहा महिने गेल्यावर हे आकडे 43 आणि 22 टक्क्यांवर आले. म्हणजे कोर्स संपल्यावर निम्म्याहून जास्त जणींना त्रास परत होऊ शकतो. हे आधीच सांगायला हवं. नाहीतर सातव्या महिन्यात खाज आली की 'औषध चाललं नाही' म्हणून नवा दवाखाना सुरू होतो.

परत येण्यामागे साखर आहे का, हे न बघता पुढे जाऊ नका. उपाशीपोटीची एक शुगर पुरत नाही, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी करा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर तिचं नाव वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी '-ग्लिफ्लोझिन'ने संपणारी औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, दिवसाला साधारण 70 ग्रॅमपर्यंत. ती वाट जिथून जाते तिथे बुरशीला रोजचं खाद्य मिळतं. पेटंट संपल्यावर ही औषधं स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. हृदयाला आणि मूत्रपिंडाला ती खरोखर उपयोगी आहेत, म्हणून स्वतःहून बंद करायची नाहीत. पण ती सुरू झाल्याची तारीख आणि खाज सुरू झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहून डॉक्टरांना दाखवा.

किटचं काय? दुकानातल्या किटमध्ये बहुधा अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम, सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 अशी तीन औषधं एकत्र असतात. तपासणीची सोय नसलेल्या ठिकाणी, लैंगिक आजाराची शंका असताना, अशा किटला जागा आहे. पण केवळ यीस्टसाठी ते परत परत घेतलं, तर त्यातलं अँटिबायोटिक योनीतले लॅक्टोबॅसिलस हे राखणदार जिवाणू मारतं आणि पुढच्या खेपेची बुरशी त्या मोकळ्या जागेत वाढते. तीनदा किट घेतलेल्या बाईला चौथं किट देऊ नये, एवढं तरी मेडिकलवाल्यांनी पाळावं. फ्लुकोनाझोल शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही.

फ्लुकोनाझोल सुरू करताना बाकीच्या गोळ्यांची यादी दाखवणं जरुरीचं आहे. ग्लिमेपिराइडसोबत ते घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. वॉरफॅरिनसोबत रक्तस्राव वाढतो. गरोदरपणात ही गोळी घ्यायचीच नाही, तिथे क्लोट्रिमाझोलची पेसरी सात रात्री. पेसरी पाळीच्या दिवसांत ठेवली तर वाहून जाते. तिच्यातल्या तेलकट घटकाने कंडोम कमजोर होतो हेही सांगून ठेवावं.

नवऱ्याला उपचार लागतो का, हा प्रश्न नेहमी येतो. त्याला काही त्रास नसेल तर नाही. त्वचा लाल झाली असेल, खाज असेल, तर त्याचीही साखर तपासा.

कपड्यांबद्दल जितकं बोललं जातं तितकं त्याचं वजन नाही. सुती आतले कपडे, ते उन्हात वाळवणं, घामाने भिजलेले बदलणं हे चांगलं, पण एवढ्याने ग्लाब्राटा जात नाही. दही, लसूण, 'इंटिमेट वॉश' यातलं काहीही आत घालू नका. जिथे पाणी काही दिवसांआड येतं, तिथल्या बाईला 'स्वच्छता पाळा' म्हणून परत पाठवणं हा उपचार नव्हे.

खरोखर दाद देत नसेल तर

ग्लाब्राटा किंवा क्रुसाय निघाली आणि 7 ते 14 दिवसांच्या क्लोट्रिमाझोलसारख्या उपचारानेही गेली नाही, तर बोरिक अ‍ॅसिडची 600 मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री योनीत, 21 दिवस. साधारण सत्तर टक्के जणींत याने बुरशी जाते. दुसरा पर्याय निस्टॅटिन 1 लाख युनिटची पेसरी, 14 रात्री.

इथे एक धोका ठळकपणे सांगायला हवा. बोरिक अ‍ॅसिड म्हणजे कॅरम बोर्डावर टाकतात तीच पावडर. म्हणून ती घरी कॅप्सूलमध्ये भरायचा मोह होतो. तसं करू नका. ती औषधाच्या शुद्धतेची नसते, आणि बोरिक अ‍ॅसिड पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तयार करून घ्या, डबीवर 'तोंडाने घ्यायची नाही' असं मराठीत, आणि घरात तेलुगू किंवा कन्नड वाचणारं कोणी असेल तर त्याही भाषेत लिहा. मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर हे औषध अजिबात नाही.

अल्बिकन्स रेझिस्टंट निघाली तर इट्राकोनाझोलवर उडी मारण्याआधी त्याचीही एमआयसी बघा. दोन्ही एकाच अझोल गटातली, आणि एक निकामी झालं की दुसरंही बऱ्याचदा लंगडं होतं. नायट्यासाठी महिनोन्महिने इट्राकोनाझोल खाल्लं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तो मारा नायट्यावर होता तसा शरीरातल्या कॅन्डिडावरही झालेला असतो. अमेरिकेत 2021 मध्ये इब्रेक्साफंजर्प आणि 2022 मध्ये ओटेसेकोनाझोल यांना मान्यता मिळाली, पण ती नेहमीच्या मेडिकलमध्ये मिळतील असं धरून बेत आखू नका.

औषध निकामी होतं म्हणजे काय होतं

बुरशीच्या पेशीच्या पापुद्र्यात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक लागतो. अझोल औषधं तो बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात. बुरशी मरत नाही, तिची वाढ थांबते. इथेच तिला सवड मिळते. कुणाच्या ईआरजी11 जनुकात बदल होतो आणि औषध त्या एन्झाइमला नीट चिकटत नाही. कुणी उपसा पंप वाढवते. विहिरीत पाणी येतं त्याहून जास्त वेगाने मोटर उपसत राहावी, तसं औषध पेशीत शिरताच बाहेर फेकलं जातं. ग्लाब्राटात मुख्यतः हेच घडतं. अर्धवट डोस घेतला की साध्या पेशी दबतात, अशा पंपवाल्या उरतात आणि पुढचं पीक त्यांचंच येतं.

दबाव फक्त माणसाच्या गोळ्यांचा नाही. द्राक्ष-डाळिंबावर फवारली जाणारी टेब्युकोनाझोल, हेक्झाकोनाझोल, डायफेनोकोनाझोल ही त्याच अझोल कुळातली. अ‍ॅस्परजिलस या बुरशीत शेतातल्या अझोलमुळे रेझिस्टन्स आल्याचं चांगलं सिद्ध झालं आहे. बार्शी-सांगोल्याच्या बागायतदाराला यासाठी दोषी धरायचं कारण नाही. पण शिफारशीपेक्षा जास्त मात्रा आणि लागोपाठ एकाच गटाची फवारणी टाळली, तर पिकाचाही फायदा होतो आणि औषधाचाही.

आयसीयूतली बुरशी: ऑरिस

वारंवार खाजेच्या रुग्णाला ऑरिसची भीती घालू नका, तिथे ती क्वचितच सापडते. तिचं क्षेत्र आयसीयू आहे. 2009 मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानातून ती पहिल्यांदा ओळखली गेली, म्हणून नाव ऑरिस, लॅटिनमध्ये कान. दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका इथे तिचे वेगवेगळे वंश जवळपास एकाच काळात वर आले, आणि मग रुग्णांसोबत देशोदेशी गेले. भारतात दिल्लीतल्या रुग्णालयांमधले रुग्ण 2013 मध्ये नोंदले गेले, आणि आयसीएमआरने 2017 मध्ये रुग्णालयांना सूचना दिल्या. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची जी प्राधान्य यादी काढली, तिच्या सर्वांत गंभीर गटात ऑरिस आहे आणि अल्बिकन्सही.

अमेरिकेच्या सीडीसीच्या माहितीनुसार तिथल्या ऑरिसच्या नमुन्यांपैकी सुमारे 90 टक्के फ्लुकोनाझोलला आणि 30 टक्के अ‍ॅम्फोटेरिसिन बी या बुरशीवरच्या इंजेक्शनला दाद देत नाहीत. म्हणून पहिलं औषध कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन अशा इकायनोकँडिन गटातलं असतं, आणि शक्य असेल तर सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) काढावी लागते.

लॅबची चूक इथे महागात पडते. जुन्या सॉफ्टवेअरचं व्हायटेक ऑरिसला 'हिमुलोनाय' असं दुसऱ्याच जातीचं नाव देतं. हे नाव आलं की नमुना 42 अंशांना वाढवून बघा आणि माल्डी-टॉफवर पाठवा. हिमुलोनाय त्या तापमानाला वाढत नाही, ऑरिस वाढते.

स्वच्छतेत नेहमीचं क्वाटर्नरी अमोनियमचं जंतुनाशक ऑरिसवर भरवशाचं नाही. सोडियम हायपोक्लोराइट 1 टक्का लागतं: 5 टक्क्यांच्या कॅनमधलं एक भाग, पाणी चार भाग. आधी साबणाने मळ काढायचा, कारण रक्त-घाण उरली असेल तर हायपोक्लोराइट तिथेच खर्ची पडतं. द्रावण रोज ताजं करावं. कॅन सावलीत, थंड जागी ठेवावा. उन्हात तापलेल्या गोडाऊनमधल्या कॅनवर 5 टक्के लिहिलेलं असलं तरी आत तेवढी ताकद उरलेली नसते, म्हणून उन्हाळ्यात उत्पादनाची तारीख बघूनच घ्यावा. पलंगाचे कठडे, बीपीचा पट्टा, थर्मामीटर, मॉनिटरची बटणं या जागा हमखास सुटतात.

सोलापूरच्या दवाखान्यांत धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूरकडून रुग्ण येतात, आणि इथून पुण्याला किंवा हैदराबादला जातात. ऑरिस त्वचेवर महिनोन्महिने राहते आणि रुग्णाला स्वतःला कळतही नाही. दुसऱ्या आयसीयूत बरेच दिवस राहून आलेल्या रुग्णाच्या काखेचा आणि जांघेचा मिळून एक स्वॅब दाखल करतानाच घ्यावा, आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळी खोली, हातमोजे, गाऊन. नातेवाइकांनी रुग्ण हलवताना डिस्चार्जच्या कागदावर 'कल्चरमध्ये कॅन्डिडाची कोणती जात निघाली' ही ओळ लिहून मागावी आणि सेन्सिटिव्हिटीच्या रिपोर्टची झेरॉक्स फाईलमध्ये सगळ्यात वर लावावी.